मोहाच्या समोर

चैत्र लागला की आमच्या गल्लीत कुणीतरी मोह वाळत घालतंच. यंदा कोपऱ्यावरच्या घरानं घातला आहे. सिमेंटच्या रस्त्याच्या कडेला जुनं लुगडं अंथरलंय आणि त्यावर फुलं पसरली आहेत. दुपार चढते तसा वासही चढत जातो. गोड म्हणावा तर जरा आंबूस, आणि डोकं जड करणारा. लोकांना तो वास आवडतो. मलाही आवडायचा. आता मात्र दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या तो आला की माझे हात थांबतात आणि मी कान देते. कशाला देते तेही मला ठाऊक आहे. वाळक्या पानांत काही हललं का, आणि त्याच्या पलीकडून कुणी ‘ताई’ म्हणून हाक मारतंय का. भर बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक ‘ते हिरवं दाखवा ना बाई’ म्हणत बसलेलं, आणि ही बाई रस्त्याकडे कान लावून. वेडच म्हणायचं.

गेल्या साली याच दिवसांत, चिखल्याच्या खाणीपलीकडच्या डोंगरात, माझी धाकटी जाऊ वनिता एका अस्वलाच्या दिशेनं सरळ चालत येत होती. तिला ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. आणि माझ्या घशातून आवाज निघत नव्हता. त्या ऋतूचं सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. पण आजूबाजूचं सांगितल्याशिवाय मधलं सांगता येत नाही, म्हणून सांगते.

आधी माझ्या आवाजाचं. आंधळगावात आमचं कापडाचं दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दुकानात बसते. बाजाराच्या दिवशी एखादं गिऱ्हाईक पायरी उतरून पलीकडच्या दुकानाकडे वळायला लागलं, की मी बसल्या जागेवरून अशी हाक घालते की ते तर परत येतंच, रस्त्यावरची भाजीवालीही दचकून बघते. सासरे होते तोवर म्हणायचे, ‘मंदा, हळू बोल, दुकान आपलंच आहे.’ नवरा म्हणतो, तुले मोबाइलची गरजच नाही. सगळ्यांनी थट्टा केली आणि मी हसण्यावारी नेली. पण कुठेतरी लागायचं. एवढं आपण दिवसभर बोलतो, त्यातलं आपलं काय? गिऱ्हाइकाचं असतं, घराचं असतं, सणावाराचं असतं. म्हणून मोबाइलवर त्या शिबिराचा निरोप आला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला. फक्त बायकांसाठी, डोंगरात, काही दिवस, स्वतःकडे बघायला आणि लिहायला.

‘लिहाले डोंगरात कायले जा लागते?’ नवऱ्यानं विचारलं. ‘घरी पेन नाही का?’

‘घरी तुमी आहा ना,’ मी म्हटलं.

तो हसला, पण एकटीनं जाऊ द्यायला तयार होईना. जंगल आहे, दिवस मोहाचे आहेत, कुणीतरी सोबत पाहिजे. सोबत कोण येणार? ज्याला त्याला कामं. तेव्हा अंगणाच्या पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, ‘मी जातो ताईसोबत.’ वनिता. तांदूळ निवडत होती, मान वर न करता बोलली.

आता वनिताचं सांगायला पाहिजे. ती माझ्या धाकट्या दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरगी होती, साडी नेसायला मी शिकवलं तिला. आवाज इतका बारीक की पहिले काही महिने सासऱ्यांना वाटायचं सून बोलतच नाही. दिवाळीत दोघा भावांनी दुकानाचे दोन भाग केले, मधे प्लायवूडची भिंत आली आणि घरात चुली दोन झाल्या. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं, भांडण मिटवता येतं. नुसतं बोलणं आटलं. एका अंगणात राहून आम्ही दोघी ‘नळ आला का’ आणि ‘लाइट गेली का’ एवढ्यावर आलो होतो. त्यामुळे ती ‘मी जातो’ म्हणाली तेव्हा मला नवल वाटलं. विचारलं मात्र नाही. तिचं माहेर त्याच डोंगराकडचं, तिकडची हवा खायची असेल, असं मी माझं मीच ठरवून टाकलं.

बंगला जुना होता. खाणीवर येणाऱ्या कुण्या साहेबासाठी कधीकाळी बांधलेला, मग कित्येक वर्षं बंद, आता कुणीतरी रंगरंगोटी करून असल्या कामांना देतं. मागं डोंगर असा उभा की सकाळी ऊन उशिरा यायचं. वाटेवर काळे, जड दगड. उचलावा तर दिसतो त्याच्यापेक्षा भारी भरायचा. पळसाची फुलं सरत आली होती, मोहाला तांबूस पालवी फुटत होती, आणि तो वास तर उशीच्या अभ्र्यातसुद्धा होता. संध्याकाळी खाणीकडच्या ट्रकांची घरघर थांबली की एकदम इतकं शांत व्हायचं की माझ्यासारख्या बाईला गुदमरल्यासारखं व्हायचं. मोबाइलला रेंज नव्हती. बंगल्याच्या एका कोपऱ्यात, तेही भिंतीवर चढून हात वर केला तर यायची.

शिबीर घेणाऱ्या नीलाताई पुण्याच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे नागपूरला असतात. बोलणं मऊ, पण शिस्त कडक. उठल्यापासून जेवणाची थाळी वाजेपर्यंत मौन. प्रत्येकीनं आपापली जागा शोधायची, तिथं एकटीनं बसायचं, बघायचं, ऐकायचं, लिहावंसं वाटलं तर लिहायचं. कुणी कुणाला हाक मारायची नाही. ‘बायकांना आयुष्यभर कुणी ना कुणी हाक मारत असतं,’ त्या म्हणाल्या. ‘इथं कुणी मारणार नाही.’ मला ते फार आवडलं. आणि मनातल्या मनात हसूही आलं, कारण त्यांचं मौन आमच्या घरी दिवाळीपासून चालूच होतं.

वनिताला मात्र ते पटलं नाही. खोलीत आल्यावर चादर झटकत ती म्हणाली, ‘मोहाच्या दिवसात जंगलात चूप बसणारे लोक मी पहिल्यांदाच पाहून राहिलो.’

तिचं खरंच होतं. माझं माहेर दिघोरी. आमच्याकडे डोंगर नाही, पण धानाच्या बांधांवर आणि तळ्याच्या पाळीवर मोहाची झाडं भरपूर. लहानपणी आईबरोबर पहाटे टोपली घेऊन जायचो. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी करून ठेवलेली, त्यावर पिवळट पांढरी फुलं पडलेली. टप टप पडतच असायची, डोक्यावर, पाठीवर. आणि बायका एकसारख्या बोलत असायच्या. या झाडाखालून त्या झाडाखाली हाका. ‘काय व, भरली का टोपली?’ ‘तुही सून आली का नाही?’ उत्तराची कुणाला गरज नसायची. मी आईला विचारलं होतं, एवढं काहून बोलता सगळ्याजणी? आई म्हणाली, आपण आहो हे त्याले समजलं पाहिजे ना. त्याले म्हणजे जनावराला. तोही मोहासाठीच येतो. त्याची आपली गाठ पडू नये म्हणून बोलत राहायचं. घरी आल्यावर आई फुलं भाजायची, तिळासोबत कुटायची, आणि तो काळा गोड घास तोंडात घेऊन आम्ही शाळेत जायचो. आवाज करणं हेच तेव्हा शहाणपण होतं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी नीलाताईंचं मौन मी मोठ्या हौसेनं पाळत होते. हौसच होती मला, दुसरं काय.

बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या भावाला आदल्या साली अस्वलानं फाडलं होतं. ती पोळ्या लाटता लाटता सहज सांगायची. कान राहिला नाही म्हणे, डोळा वाचला. ऐकून आमच्यातल्या दोघीचौघी बंगल्याच्या ओट्यावरच बसायला लागल्या. नीलाताईंनीही सांगितलं, थाळीचा आवाज ऐकू येईल एवढ्याच अंतरावर जा. भीती सगळ्यांच्या मनात होती, पण तिचं नाव कुणी काढत नव्हतं. संध्याकाळी वाचनाला बसलो की बाहेर पान वाजलं तरी वाचणारीचा आवाज अडखळायचा, आणि मग ती जास्त जोरात वाचायची.

आता ‘समोर’ या शब्दाकडे येते. पहिल्या दिवशी नीलाताईंनी ‘माझी सकाळ’ लिहायला सांगितलं आणि एकेकीला वाचायला लावलं. मी वाचलं, ‘मी उठतो, आंगण झाडतो, चहा ठेवतो, दुकान उघडतो.’

‘थांबा, हे कोण बोलतंय?’ नीलाताईंनी विचारलं. ‘तुमचे यजमान?’

‘नाही, मीच,’ मी म्हटलं. ‘यजमान तेव्हा झोपून असतात.’

सगळ्या हसल्या. नीलाताईही हसल्या. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हिणवलं नाही, उलट नवल केलं. पण म्हणाल्या, लिहिताना ‘जाते, करते’ लिहा, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं होतं, समोरच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे. त्यावर त्यांनी समजावलं की समोर म्हणजे डोळ्यांपुढे, तोंडापुढे. महिना काही तोंडापुढे उभा नसतो, तो पुढचा महिना. आमच्याकडे समोर म्हणजे पुढे, आणखी पुढे, ओलांडून. ‘दवाखान्याच्या समोर आहे घर’ असं आंधळगावात कुणी सांगितलं तर दवाखाना मागं टाकून चालत राहायचं. मला गंमत वाटली. एवढी वर्षं दुकानात आलेल्या बाहेरगावच्या माणसांना मी किती वेळा चुकीच्या घरी धाडलं असेल कोण जाणे. मी मन लावून शिकले. शिकायलाच आले होते. बघा, हा लेखही मी गेले, बसले, म्हटलं असं करतच लिहिते आहे. हात शिकला, तोंड काही शिकलं नाही.

वनिता काहीच लिहायची नाही. पेन धरून खिडकीतून बघत बसायची. नीलाताईंनी विचारलं तर म्हणायची, ‘मले काही सुचत नाही, मॅडम. मी अशीच ठीक आहो.’ मला तिचा राग यायचा. आली कशाला मग? आणि रागापेक्षा, खरं सांगायचं तर, दुःख व्हायचं. एका खोलीत दोन खाटा, मधे हातभर जागा, आणि बोलायला काही नाही. एके काळी हीच मुलगी लाइट गेली की माझ्या पदराला धरून बसायची.

तिसऱ्या सकाळी मी वही घेऊन निघाले. वनिता ओट्यावर दात घासत होती. मौन मोडून ती म्हणाली, ‘मोहाखाली नोका बसू, ताई.’

‘खाली कायले बसतो? समोर बसतो,’ मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मी चालू पडले. बंगल्यापासून वर जाणाऱ्या वाटेवर एक मोठा मोह होता, एका बाजूला वाकलेला. त्याच्या अलीकडे कोरडा नाला, आणि नाल्याच्या या काठावर बसण्याजोगा खडक. झाड अगदी डोळ्यांपुढे. मी खडकावर बसले आणि मनात म्हटलं, हे खरं समोर. आदल्याच दिवशी शिकलेला शब्द वापरायला मिळाला म्हणून मी खूश होते. पण मी तो पुण्याच्या अर्थानं वापरला होता आणि वनितानं आपल्या अर्थानं ऐकला होता. तिच्या लेखी मी मोह ओलांडून पलीकडच्या उतारावर गेले होते.

ऊन अजून डोंगराच्या मागंच होतं. फुलं पडत होती, त्यांचा आवाज मोजता येईल इतकी शांतता. मी काहीतरी लिहीत होते, आईबद्दल असावं. लिहिता लिहिता मला फुंकल्यासारखा आवाज यायला लागला. कुणीतरी गरम चहा फुर्र करून ओढतंय तसा. मी मान वर केली.

झाडाखाली अस्वल होतं. कुठल्या बाजूनं आलं, कधी आलं, काही कळलं नाही. लांब काळे केस, धुळीनं माखलेले, नाकाडाचा पांढरट भाग जमिनीला लागलेला. फुलं ओढून ओढून खात होतं. आणि त्याच्या पाठीवर, केसांत घट्ट धरून, एक पिल्लू. म्हणजे ती मादी होती. पिल्लू माझ्याकडेच बघत होतं.

आमच्यात नाला होता, पण तो काय, लहान पोरगंही उडी मारून ओलांडेल असा. वारा तिच्याकडून माझ्याकडे होता, तिचा वास मला येत होता, माझा तिला येत नव्हता. मी हलले नाही. पेन बोटांत तसंच. पायाला मुंगी चावत होती ती चावू दिली. एकच विचार, खाऊन झालं की जाईल. पण मोह काही संपत नव्हता, वरून पडतच होता.

खाली बंगल्यावर थाळी वाजली. अस्वलानं डोकं उचललं, जरा थांबलं, परत खायला लागलं. सगळ्या जणी जेवायला बसल्या असतील, माझी जागा रिकामी असेल, हे मला दिसत होतं. कुणी शोधायला येऊ नये असं मला वाटत होतं आणि यावं असंही वाटत होतं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग आवाज आला, आणि तो खालून नाही आला. झाडाच्या पलीकडून आला.

‘ताई. ओ ताई.’

वनिताचा बारीक आवाज. ती बंगल्यामागच्या ओढ्याच्या वाटेनं वळसा घालून मोहाच्या पलीकडे गेली होती, मी तिला सांगितलं होतं तिथं. तिथं मी नव्हते. आता ती मला शोधत परत येत होती, मोहाच्या दिशेनं, उतारावरून खाली. बंगल्याकडून सरळ वर आली असती तर आधी मी सापडले असते. पण मधे अस्वल होतं, त्याच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूनं ती. झुडपांवरून तिचं डोकं दिसायचं, परत नाहीसं व्हायचं. अस्वल खाण्यात गुंग. तिचा आवाज इतका लहान की माझ्यापर्यंत जेमतेम पोचत होता, त्या फुर्र फुर्रमध्ये त्याला काय ऐकू जाणार? पिल्लाला मात्र गेला. त्यानं मान वळवली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं, पुन्हा हवा. बाजारातल्या माणसांना थांबवणारा माझा आवाज, सगळ्यांनी थट्टा केलेला, कुठं गेला होता देव जाणे. ‘ताई, कोठी आहा?’ ती जवळ येत होती. तिच्या बांगड्यासुद्धा आता ऐकू येत होत्या. मला तिचं सगळं आठवायला लागलं. साडीच्या निऱ्या दातात धरून उभी असलेली, पहिल्या बाळंतपणात माझं बोट पिळणारी, दिवाळीला प्लायवूडची भिंत ठोकत असताना दारात उभी राहून नुसती बघणारी. आणि मला इतकं भ्याव वाटलं, इतकं, की अस्वलाचंही तेवढं वाटलं नव्हतं. ही मरेल. मला शोधायला आली म्हणून मरेल, आणि आम्ही दिवाळीपासून नीट बोललोही नाही.

मग आवाज आला. कसा आला मला ठाऊक नाही. मी खडकावर उभी होते एवढं कळलं, आणि डोंगरावरून माझाच आवाज माझ्यावर परत येत होता.

मी काय ओरडले ते मला वनितानं नंतर सांगितलं. आधी म्हणे मी ओरडले, ‘वने, समोर नोको येऊ, अस्वल आहे, तठीच राय.’ म्हणजे नीलाताईंचा धडा कुठल्या कुठे गेला. आणि बरंच झालं, कारण वनिताला तो शब्द जसा कळायला हवा तसाच कळला. ती जागच्या जागी थांबली. पण अस्वल थांबलं नाही. ती मादी वळली, मागच्या पायांवर उभी राहिली, आणि माझ्याकडे बघून नाकानं हवा ओढायला लागली. छातीवरचा पांढरा पट्टा दिसला. मग चार पायांवर आली आणि नाल्याच्या काठापर्यंत आली. मी ओरडत राहिले. थांबले असते तर ती उलट वळली असती, आणि उलट बाजूला वनिता होती. म्हणून थांबले नाही. ‘इकडे ये,’ मी म्हणे त्या अस्वलाला म्हणत होते, ‘इकडे पाह्य, मी आहो अठी. दुकान घे, घर घे, सगळं घे. माह्या वनीले हात नोको लावू.’ जनावराला दुकान देऊ करणारी बाई मीच असेन. पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी रडत होते आणि ओरडत होते, आणि अस्वल काठावर उभं राहून ऐकत होतं.

शेवटी तिनं फुत्कारल्यासारखं केलं, वळली, आणि नाल्याच्या कडेकडेनं खाली गेली, माझ्या डावीकडे, दाट झाडीत. पिल्लू पाठीवर हिंदकळत होतं. पाचोळ्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो बंद झाल्यावरही मी ओरडतच होते. गप्प बसायचं सुचेना.

वनिता धावत आली. नाल्यात घसरली, उठली, वर आली आणि आल्या आल्या माझ्या पाठीत जोरात रट्टा घातला. ‘कायले वरडली?’ ती म्हणाली. ‘ते तुह्यावर आली असती तं? तुले अक्कल नाही का?’ तिचा आवाज तेवढा मोठा मी पहिल्यांदाच ऐकला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी काही बोलायला गेले, पण माझा घसा बसला होता, नुसती खरखर आली. तिनं माझं उजवं मनगट धरलं आणि वाटेला लागली.

अर्ध्या वाटेत नीलाताई भेटल्या, एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात दुसऱ्याच कुणाची. सगळं मौन सोडून त्या एकसारख्या बोलत होत्या. कुणाला लागलं का, मी असं करायला नको होतं, उद्यापासून सगळ्यांनी एकत्र बसायचं, मोठ्यानं बोलायचं. खाली सगळ्यांनी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. त्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही, आणि नीलाताईंनी सांगितलंही नाही.

घरी आम्ही हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा कुठं पाठवलं नसतं. वनितानं रेंजच्या त्या भिंतीवर चढून, हात वर करून, नवऱ्याला फोन केला आणि म्हणाली, सगळं ठीक आहे, ताईचा घसा बसला आहे, हवा बदलली म्हणून. तिच्या तोंडून इतकं सफाईदार खोटं मी पहिल्यांदा ऐकलं. दुकानात प्लायवूडची भिंत अजून आहे, चुली अजून दोनच आहेत. ते भावाभावांचं आहे, ते असं एका सकाळीत बदलत नाही. यंदाच्या शिबिराचा निरोप आला आहे. तो वाचून मी वनिताला दाखवला, तर तिनं चष्मा लावून पूर्ण वाचला आणि फोन परत दिला. जाऊ की नाही, मला अजून माहीत नाही. भीती वाटते हे मात्र खरं. ती भीती गेली नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही. मोहाचा वास आला की मी कान देते, आणि अंगणापलीकडे तिच्या भांड्यांचा आवाज आला की मग माझे हात परत चालायला लागतात.

तर त्या अस्वलाच्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो. जेवण कधीच निवून गेलं होतं. भात, वरण, वांग्याची भाजी. पत्रावळी मांडलेल्या, सगळ्या ओळीनं बसलेल्या, आणि कुणी बोलत नव्हतं, पण ते मौन नव्हतं. वनिता माझ्या उजव्या हाताला बसली होती. डाव्या हातात तिनं माझं मनगट धरलेलं होतं. डोंगरावरून धरलं होतं ते तिनं सोडलंच नव्हतं, हातपाय धुतानाही नाही. आता माझी बोटं बधिर झाली होती. समोरच्या ओळीतल्या बायका आधी बघत होत्या, मग त्यांनी माना खाली घातल्या.

‘सोड ना व,’ मी खरखरत्या आवाजात म्हटलं. ‘जेवू तं दे.’

तिनं सोडलं नाही. बहुतेक सोडायचं म्हटलं तरी तिला सोडता येत नव्हतं. ती आपल्या पत्रावळीकडे बघत होती. उजव्या हातानं तिनं भातावर वरण घेतलं, कालवलं, सावकाश, लहान लेकरासाठी कालवतात तसं मऊ. घास केला आणि माझ्या तोंडाशी आणला. काही शितं माझ्या पदरावर पडली.

‘आ कर,’ वनिता म्हणाली.

मी तोंड उघडलं.